लोहचुंबक लावल्यावर पुढे काय? स्मार्ट फ्लुइड शिकवताना

आजचा विषय आहे स्मार्ट फ्लुइड, आणि तो इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवायचा कसा. परिभाषेत फ्लुइडला 'द्रायू' असा छान शब्द आहे, द्रव आणि वायू मिळून द्रायू. पण वर्गात तो कुणाच्या तोंडी नाही, म्हणून मी फ्लुइड किंवा सरळ द्रव असंच म्हणणार आहे.

या विषयावरचे व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिले असतील. काचेच्या पेल्यात काळसर, पातळ तेल असतं. खाली लोहचुंबक आणला की ते जागच्या जागी घट्ट होतं, चुंबक धरून पेला उलटा केला तरी सांडत नाही. चुंबक काढला की पुन्हा पातळ. वर्गात हा प्रयोग केला की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा मोबाइल काढून पुढे येतात. सगळे खूश. आणि बहुतेक ठिकाणी विषय तिथेच संपतो. मग परीक्षेत 'स्मार्ट फ्लुइड : टीप लिहा, गुण पाच', आणि उत्तरात व्याख्या, तीन प्रकार, चार उपयोग. मुलं पास होतात, पण त्यातल्या एकालाही त्या तेलापासून एखादी वस्तू बनवायला सांगा, हात चालत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की इंजिनिअरिंग सुरू होतं ते पेला सरळ करून टेबलावर ठेवल्यानंतर.

आधी पेल्यात आहे काय ते बघू. तुमच्यापैकी बरेच जण लहानपणी जुन्या स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून बांधकामाच्या वाळूच्या ढिगातून फिरवत असतील. बेळगाव असो, बडोदा असो की इंदूर, वाळूचा ढीग आणि फुटका स्पीकर सगळीकडे सारखाच. त्या चुंबकाला काळी बारीक पूड चिकटायची आणि ती नुसती चिकटायची नाही, तर साळिंदराच्या काट्यांसारखी उभी राहायची. कणावर कण, कणावर कण, अशा माळा व्हायच्या. आपल्या पेल्यात हेच घडतं, फक्त तेलाच्या आत. प्रत्येक लोखंडी कण चुंबकीय क्षेत्रात स्वतःच छोटा चुंबक होतो, एकाचं उत्तर टोक दुसऱ्याच्या दक्षिण टोकाला लागतं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माळा तयार होतात. तेलाला वाहायचं असेल तर या माळा तोडाव्या लागतात. सगळं एवढंच आहे, आणि ते काही मिलिसेकंदांत घडतं. याला मॅग्नेटोऱ्हिओलॉजिकल फ्लुइड म्हणतात. नाव लांबलचक आहे, आपण एमआर म्हणू.

वाळूतली काळी पूड मात्र इथे चालत नाही. त्यात चुंबकाला चांगला चिकटणारा भाग मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा. त्याला जास्तीत जास्त सुमारे ०.६ टेस्लापर्यंत चुंबकत्व देता येतं, शुद्ध लोखंडाला २.१ टेस्लापर्यंत. माळेची जास्तीत जास्त ताकद या आकड्याच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे फरक साडेतीन पटींचा नाही, साधारण बारा पटींचा. म्हणून एमआर द्रवात कार्बोनिल आयर्न नावाची लोखंडाची अतिशय शुद्ध पूड वापरतात. आयर्न पेंटाकार्बोनिलचं विघटन करून ती मिळवतात. कण गोल, आकार साधारण १ ते १० मायक्रॉन. घनफळाने २० ते ४० टक्के पूड आणि बाकी तेल. हाताला ती बाटली लागली की आधी वजन जाणवतं. पाण्याच्या तिप्पट जड.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि पुस्तकांतसुद्धा जिची सर्रास गल्लत असते. 'चुंबकीय क्षेत्र लावलं की द्रवाची व्हिस्कॉसिटी वाढते' हे वाक्य मुलं पाठ करतात. ते चुकीच्या दिशेने नेणारं वाक्य आहे. मध आणि श्रीखंड डोळ्यांसमोर आणा. मध घट्ट आहे, पण चमचा तिरका केला की तो वाहतो. हळू वाहील, पण वाहीलच, थांबून राहणार नाही. श्रीखंडाचा चमचा उलटा धरला तरी श्रीखंड तसंच राहतं. एका मर्यादेपर्यंत जोर लावा, ते हलत नाही. मर्यादा ओलांडली की वाहायला लागतं. या मर्यादेला यील्ड स्ट्रेस म्हणतात. एमआर द्रव चुंबकात धरला की त्याचा मध होत नाही, त्याचं श्रीखंड होतं. ज्या मुलाला हा फरक कळला त्याला बिंगहॅमचं समीकरण पाठ करावं लागत नाही. एकूण ताण म्हणजे यील्ड स्ट्रेस अधिक नेहमीचा व्हिस्कॉसिटीचा भाग. आणि आपल्या हातातली कळ, म्हणजे चुंबक, पहिल्या भागावर चालते, दुसऱ्यावर जवळजवळ नाही.

किती यील्ड स्ट्रेस मिळतो? बाजारात मिळणाऱ्या चांगल्या द्रवाला साधारण ५० ते १०० किलोपास्कलपर्यंत नेता येतं. आपण हिशोबाला ४० धरू, कारण प्रत्यक्ष यंत्रात सगळीकडे पूर्ण क्षेत्र पोचत नाही. ४० किलोपास्कल म्हणजे काय हे हाताला कळलं पाहिजे. तळहाताएवढ्या, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरच्या दोन पट्ट्यांमध्ये हा द्रव भरला आणि चुंबक लावला, तर एक पट्टी दुसरीवरून सरकवायला ४०० न्यूटन, म्हणजे ४० किलो वजनाइतका जोर लागेल. बरा आकडा आहे, पण अचाट नाही. हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा आणि तास संपेपर्यंत पुसायचा नाही.

इथे कुणीतरी हमखास कॉर्नफ्लोअरचा विषय काढतं. कॉर्नफ्लोअर पाण्यात दाट कालवलं की त्यावर बुक्की मारता येते आणि हळूच बोट घातलं तर बुडतं. 'सर, हेही स्मार्ट आहे ना?' प्रयोग झकास आहे, घरी जरूर करा. पण तिथे घट्ट व्हायचं की नाही हे तुमची बुक्की ठरवते. बुक्की तीच ठेवून, बाहेरून एक बटण दाबून ते मऊ किंवा कडक करता येत नाही. आपण ज्याला स्मार्ट म्हणतो आहोत त्यात बटण वेगळं असावं लागतं. दुसरा भाऊबंद म्हणजे ईआर, इलेक्ट्रोऱ्हिओलॉजिकल. तिथे चुंबकाऐवजी विजेचं क्षेत्र. अमेरिकेत विलिस विन्स्लो यांनी १९४७ साली त्याचं पेटंट घेतलं आणि १९४९ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. कल्पना सुंदर, पण दर मिलिमीटरला दोन-पाच हजार व्होल्ट द्यावे लागतात आणि मिळतात फक्त काही किलोपास्कल. तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या हातात पाच हजार व्होल्ट द्यायची माझी तयारी नाही, त्यामुळे ईआर आपण तोंडओळखीवर सोडतो.

फेरोफ्लुइडवर मात्र थांबायला हवं, कारण गोंधळ तिथे जास्त होतो. ते काटेरी फुलासारखं उमलणारं काळं द्रव, ज्याचे सगळ्यात देखणे व्हिडिओ असतात, ते फेरोफ्लुइड. १९६३ साली नासाचे स्टीव्ह पॅपेल यांनी ते बनवलं. प्रश्न होता की अंतराळात वजनच नसेल तर रॉकेटचं इंधन टाकीतून पंपाच्या तोंडाशी आणायचं कसं. इंधनातच चुंबकीय कण मिसळा आणि चुंबकाने ओढा, असा त्यांचा विचार होता. रॉकेटसाठी ते वापरात आलं नाही, पण फिरत्या दांड्याभोवतीचं सील म्हणून आणि स्पीकरच्या कॉइलभोवती ते आजही असतं. मुलं विचारतात, तेही लोखंडी कण आणि तेल, हेही तेच, मग ते चुंबकाकडे नुसतं ओढलं जातं आणि हे कडक का होतं?

उत्तर कणाच्या आकारात आहे. फेरोफ्लुइडमधला कण साधारण १० नॅनोमीटरचा, एमआरमधला ५ मायक्रॉनचा. व्यासात फरक ५०० पटींचा, पण घनफळात तो ५०० गुणिले ५०० गुणिले ५००, म्हणजे साडेबारा कोटी पटींचा. तेलाचे रेणू उष्णतेमुळे सतत धडका देत असतात. इवल्याशा कणांची माळ त्या धक्क्यांनी टिकतच नाही, जरा जुळली की विस्कटते. मोठ्या कणांना त्या धक्क्यांचं काही वाटत नाही, त्यांची माळ पक्की बसते. पण ज्या धक्क्यांनी माळ मोडते, तेच धक्के छोट्या कणांना तळाशी बसू देत नाहीत. फेरोफ्लुइडची बाटली वर्षानुवर्षं कपाटात ठेवा, गाळ दिसणार नाही. एमआरची ठेवली तर? त्याकडे येतोच.

आता वर्गातला माझा आवडता प्रश्न. प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, 'मग मोटरसायकलचा ब्रेक याचा का करत नाहीत? पॅड नाही, झीज नाही, बटण दाबलं की चाक धरलं.' या प्रश्नाचं उत्तर तोंडी देऊ नका. फळ्यावर हिशोब मांडा, मुलांकडूनच करून घ्या.

गाडी आणि स्वार मिळून २०० किलो. दर सेकंदाला वेग ५ मीटर प्रति सेकंदाने कमी करायचा म्हटलं तर लागणारं बल १००० न्यूटन. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर, म्हणजे ब्रेकला ३०० न्यूटन-मीटर टॉर्क हवा. आता ५ सेंटिमीटर त्रिज्येची एक चकती घ्या, दोन्ही बाजूंना एमआर द्रव. टॉर्कचं सूत्र मुलांना क्लचच्या धड्यातून माहीत असतं, फक्त घर्षणाच्या जागी आपला ४० किलोपास्कल घालायचा. उत्तर येतं सुमारे २१ न्यूटन-मीटर. चौदा पट कमी. वर्गात शांतता. मग एखादी मुलगी म्हणते, टॉर्क त्रिज्येच्या घनाने वाढतो, म्हणजे चकती फक्त अडीच पट मोठी केली की झालं! बरोबर आहे. १२ सेंटिमीटरची चकती घेतली तर २९० न्यूटन-मीटर मिळतात. वर्ग पुन्हा खूश.

मग म्हणायचं, छान. आता ब्रेक न दाबता गाडी चालवा. द्रवाची चुंबकाशिवायची व्हिस्कॉसिटी ०.२ पास्कल-सेकंद धरा, फट १ मिलिमीटर. ताशी ६० किलोमीटर वेगाला चकती नुसती त्या तेलात फिरायलाच सुमारे ७ न्यूटन-मीटर खाते. म्हणजे ४०० वॅट. अर्ध्या हॉर्सपॉवरहून जास्त ताकद ब्रेक न लावता, पूर्ण प्रवासभर वाया. सायकलस्वाराला विचारा ४०० वॅट म्हणजे काय ते. आणि ब्रेक लावलाच तर? ६० च्या वेगातली ऊर्जा सुमारे २८,००० ज्यूल. दोन्ही बाजूंच्या फटीत मिळून द्रव किती? जेमतेम ९० मिलिलिटर. सगळी उष्णता त्या द्रवातच राहिली असं धरलं तर एकदा गाडी थांबवताना तो १०० अंशांहून जास्त तापेल. प्रत्यक्षात काही उष्णता लोखंडात जाईल, पण ती जन्माला येते त्या पातळ थरातच. घाटात काय होईल याची कल्पना करा. नेहमीची डिस्क उघड्या हवेत असते, आपली चकती तेलाच्या डबीत बंद आहे.

हा अर्धा तास मी कधीच वाचवत नाही. पुस्तकातल्या उपयोगांच्या यादीत 'ब्रेक' असं लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, व्यायामाच्या यंत्रांत आणि हाताने फिरवायच्या छोट्या बटणांत असे ब्रेक चालतात. पण कुठे चालतात आणि कुठे नाही हे यादी सांगत नाही.

मग हा द्रव चांगला चालतो कुठे? जिथे तो अरुंद फटीतून ढकलला जातो तिथे. गाडीचा शॉक ॲब्सॉर्बर घ्या. नळकांड्यात तेल, त्यात पिस्टन, पिस्टनच्या कडेने अरुंद फट. फटीची लांबी २ सेंटिमीटर, उंची १ मिलिमीटर. फटीच्या दोन्ही भिंती द्रवाला धरून ठेवतात. बलांचा साधा तोल मांडला तर दाब येतो यील्ड स्ट्रेसच्या दुप्पट, गुणिले लांबी भागिले उंची. म्हणजे ४० गुणिले २ गुणिले २०, एकूण १,६०० किलोपास्कल. पिस्टनचं क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर असेल तर १,६०० न्यूटन. जवळजवळ १६० किलो वजन पेलण्याइतका अडथळा. आणि फटीत त्या क्षणी असलेला द्रव किती? दोन-सव्वादोन मिलिलिटर. चहाचा अर्धा चमचाही नाही! तोच ४० किलोपास्कल, जो ब्रेकमध्ये अपुरा पडत होता, इथे फटीच्या आकारामुळे चाळीस पट झाला. शिवाय तापलेलं तेल पुढे सरकतं, दुसरं येतं. उष्णताही ब्रेकच्या मानाने थोडी.

म्हणून एमआरचं नाव झालं ते डँपरमध्ये. २००२ साली कॅडिलॅक सेव्हिल एसटीएस या मोटारीत असे डँपर आले, मग कॉर्व्हेट, ऑडी टीटी, फेरारी अशा गाड्यांत. त्याच सुमाराला चीनमधल्या डोंगटिंग सरोवरावरच्या पुलाच्या तिरप्या केबल पावसावाऱ्यात थरथरायच्या, त्यांना असे ३१२ डँपर बसवले गेले. टोकियोच्या मिराइकान या विज्ञान संग्रहालयाच्या इमारतीत भूकंपासाठी ३० टनी डँपर आहेत. कृत्रिम गुडघ्यातही हेच तंत्र आहे, पाऊल टेकताना कडक, उचलताना सैल. त्या गुडघ्याची किंमत लाखांत जाते. मी त्याच्याच शेजारी जयपूर फूट दाखवतो, आणि मुलांत वाद होऊ देतो.

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय, ही यादी आम्हाला माहीत आहे. बरं, मग एक तारीख बघा. एमआर द्रवाचा क्लच जेकब रॅबिनोव्ह यांनी अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये बनवला, तो जाहीर झाला १९४८ साली, पेटंट मिळालं १९५१ साली. रॅबिनोव्ह हा अचाट माणूस होता. टपालाची पत्रं निवडायचं यंत्र, छापील अक्षरं वाचणारं यंत्र, नावावर २३० पेटंटं. तेल आणि लोखंडाची पूड, एवढंच साहित्य. मग १९४८ पासून २००२ पर्यंत, चोपन्न वर्षं, मोटार कुठे अडली होती?

एक कारण द्रवाच्या बाहेरचं आहे. द्रव कडक होऊ शकतो, पण केव्हा व्हायचं हे त्याला कळत नाही. स्मार्ट हा शब्द मला म्हणूनच खटकतो. खड्ड्यातून जाताना गाडीचं शरीर वर चाललं आहे की खाली, चाक त्याच्यापासून लांब जातंय की जवळ येतंय, हे मोजणारे सेन्सर लागतात आणि सेकंदाला शेकडो वेळा निर्णय घेणारं सर्किट लागतं. १९७४ साली डीन कार्नोप आणि सहकाऱ्यांनी त्याचा नियम मांडला. कल्पना करा की गाडीचं शरीर आकाशात ठोकलेल्या एका अदृश्य हुकाला डँपरने बांधलं आहे. खरा डँपर त्या काल्पनिक डँपरच्या दिशेने बल देऊ शकत असेल तेव्हा तो कडक करा, देऊ शकत नसेल तेव्हा सैल सोडा. त्याला स्कायहूक म्हणतात. दोन वेगांची चिन्हं सारखी आहेत का, एवढंच तपासायचं. प्रोग्रॅमच्या चार ओळी. पण त्या चार ओळी चालवणारी चिप स्वस्त होऊन गाडीत बसायला काही दशकं गेली. अक्कल आहे ती त्या चार ओळींत. द्रव हुकमाचा ताबेदार.

दुसरं कारण द्रवाच्या आतलं, आणि तेच मुलांनी हाताने बघावं अशी माझी इच्छा असते. लोखंड तेलापेक्षा नऊ पट जड आहे, ते खाली बसणारच. स्टोक्सचा नियम आपण बारावीपासून शिकवतो, पण त्याचा असा उपयोग क्वचित करतो. तेलाची व्हिस्कॉसिटी ०.१ पास्कल-सेकंद धरा. वर्कशॉपमधला किंवा रसायनशाळेतला जाडसर लोखंडाचा कीस, कण १०० मायक्रॉनचा, तर तो सेकंदाला जवळजवळ ०.४ मिलिमीटर खाली जातो. दहा सेंटिमीटरचा पेला चार-पाच मिनिटांत वरून स्वच्छ. कण ५ मायक्रॉनचा असेल तर वेग ४०० पट कमी, म्हणजे तासाला साडेतीन मिलिमीटर, दिवसाला आठेक सेंटिमीटर. दाट मिश्रणात कण एकमेकांना अडवतात म्हणून प्रत्यक्षात याहून सावकाश. तरी दिवस किंवा आठवडे, वर्षं नव्हेत. मग ग्रीस घाला, सिलिकाची बारीक पूड घाला, कणांना वंगणासारखं आवरण द्या. गाळ पूर्ण थांबत नाही, पण मऊ राहतो आणि पिस्टन दोन-चार वेळा हलला की पुन्हा मिसळतो. गाळ बसतो का, यापेक्षा तो विटेसारखा बसतो की दह्यासारखा, हा प्रश्न मोठा.

आणि याच्याही पलीकडचा त्रास लाखो फेऱ्यांनंतर दिसतो. लॉर्ड कंपनीचे जे. डेव्हिड कार्लसन यांनी २००२ साली एक निबंध लिहिला, चांगला एमआर द्रव कशाला म्हणायचं याबद्दल. त्यात ताकदीइतकंच टिकण्याला महत्त्व आहे. कण एकमेकांवर घासून त्यांच्या वरचे ठिसूळ पापुद्रे निघतात, ही अतिसूक्ष्म धूळ तेलात साचते आणि द्रव हळूहळू चुंबकाशिवायच घट्ट होत जातो. शेवटी त्याची लापशी होते. पेला उलटा करायच्या प्रयोगात हे कधीच दिसणार नाही, कारण तो प्रयोग दहा सेकंदांचा असतो.

मग प्रयोगशाळेत करायचं काय? माझी पद्धत अशी. चौघांचा एक गट. त्यात एक तरी इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी हवाच, भले दोन विभागप्रमुखांना फोन करावे लागले तरी. प्रत्येक गट तीन बरण्या बनवतो. एकीत कीस आणि तेल, दुसरीत कार्बोनिल आयर्न आणि तेल, तिसरीत तेच पण थोडं ग्रीस कालवून. बरणीवर मोजपट्टी चिकटवायची आणि वरच्या स्वच्छ थराची उंची रोज लिहायची. सकाळी कॉलेजला आल्यावर दोन मिनिटांचं काम, पण तीन आठवड्यांनी जो आलेख येतो तो त्यांचा स्वतःचा असतो.

मग छोटा डँपर. इथे चुंबकीय परिपथाचा हिशोब येतो. द्रवात मीटरला २ लाख ॲम्पिअर एवढं क्षेत्र हवं, फट १ मिलिमीटर, आणि ती जाताना एकदा, येताना एकदा अशी दोनदा ओलांडायची. म्हणजे ४०० ॲम्पिअर-टर्न. १ ॲम्पिअरला ४०० वेढे, १२ व्होल्टच्या सप्लायवर आरामात चालतं. फट २ मिलिमीटर केली, कारण लेथवर सोपं पडतं, तर वेढे दुप्पट. आणि एक गोष्ट मी आधी सांगत नाही. दरवर्षी एखादा गट पिस्टन ॲल्युमिनियमचा करतो, हलका म्हणून, किंवा ३०४ स्टेनलेसचा, दिसायला छान म्हणून. कॉइल तापते, मीटर बरोबर ॲम्पिअर दाखवतो, आणि दांडा मात्र लोण्यातून सुरी जावी तसा आत जातो. मग तासभर प्रोग्रॅममधली चूक शोधतात. शेवटी इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी साधा चुंबक पिस्टनला लावून बघतो. तो चिकटत नाही. चुंबकीय रेषांना परत यायला वाटच नव्हती. साध्या माइल्ड स्टीलचा पिस्टन बसवला की तोच डँपर धरतो.

तोंडी परीक्षेला मी त्या महिनाभर उभ्या ठेवलेल्या तीन बरण्या टेबलावर मांडतो आणि एक चपटी स्टीलची पट्टी देतो. पट्टी गाळात खुपसायची. कुठे अडते, कुठे सहज जाते, किती वेळा हलवल्यावर बरणी पुन्हा एकसारखी काळी होते, हे मोजायचं. मग प्रश्न : एक गाडी सहा महिने गॅरेजमध्ये उभी आहे. मालकाने चावी फिरवली, पहिल्याच वळणावर गतिरोधक आहे. या तीनपैकी कोणता द्रव तुम्ही तिच्या डँपरमध्ये भरला असता, आणि पहिल्या दहा सेकंदांत आत काय घडेल ते सांगा. उत्तर सांगताना बहुतेकांचा हात आपोआप पट्टीकडे जातो.

करून बघणार असाल तर दोन सूचना. कार्बोनिल आयर्नची कोरडी पूड फार बारीक असते. ज्योतीजवळ किंवा पंख्याखाली उघडू नका, तोंडाला मास्क लावा. आणि निओडिमियमचा चुंबक आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, मगच द्रवाजवळ न्या. नाहीतर ती पूड चुंबकावरून काढता काढता सेमिस्टर संपेल.